निवडणूक जिंकली, करार कुठे आहे?

न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात एल्मवुड अव्हेन्यूवरच्या स्टारबक्समध्ये ९ डिसेंबर २०२१ रोजी मतमोजणी झाली. युनियनच्या बाजूने १९ मतं, विरोधात ८. पुढच्या तीन-चार वर्षांत देशभरातल्या पाचशेहून अधिक दुकानांनी तीच वाट धरली. तरीही २०२५ साल संपलं तेव्हा त्यातल्या एकाही दुकानाच्या हाती सही झालेला करार नव्हता. स्टेटन आयलंडवरच्या ॲमेझॉनच्या जेएफके-८ या गोदामात १ एप्रिल २०२२ रोजी युनियनने २,६५४ विरुद्ध २,१३१ मतांनी बाजी मारली. जगभर बातम्या झाल्या. करार तिथेही नाही.

अमेरिकेतल्या कामगार प्रश्नावरची चर्चा बहुतेक वेळा या निवडणुकांभोवतीच फिरते. कोण जिंकलं, किती मतांनी जिंकलं, दक्षिणेकडच्या राज्यांत युनियन शिरली की नाही, हेच विषय. पण युनियनला मत देऊन कामगाराच्या खात्यात एक सेंटही जास्त पडत नाही. पगार, पाळ्या, आजारपणाची रजा, तक्रार निवारण यांतलं जे काही बदलायचं ते करारात लिहिलं गेलं तरच बदलतं. घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच. अमेरिकी कायदा मालकाला वाटाघाटीच्या टेबलावर बसायला सांगतो, पण बसून काही ठरवायलाच हवं असं म्हणत नाही. म्हणून पहिल्या कराराला कायद्याने मुदत हवी, आणि मुदत टळली तर बंधनकारक लवाद हवा. युनियनवाल्यांच्या मागण्यांच्या लांबलचक यादीत ही मागणी पहिली असायला हवी. बाकीच्या बऱ्याच गोष्टी थांबू शकतात.

मुळात हा मामला चालतो कसा, ते पाहू. पाया आहे १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा. शेतमजूर आणि घरकामगार त्याच्या कक्षेबाहेर पहिल्यापासूनच होते. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली दुरुस्तीने पर्यवेक्षक आणि स्वतंत्र कंत्राटदारही बाहेर काढले. उरलेले कामगार कार्डांवर सह्या गोळा करतात. ३० टक्के सह्या जमल्या की एनएलआरबी, म्हणजे राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज करता येतो. मुरलेला संघटक मात्र ३० टक्क्यांवर अर्ज टाकत नाही, ६५-७० टक्के होईपर्यंत थांबतो. कारण अर्ज पडल्या दिवसापासून व्यवस्थापनाची मोहीम सुरू होते आणि सही केलेल्यांतलेही गळू लागतात. मग कोणते कामगार मतदार धरायचे यावर घासाघीस होते आणि साधारण पाच-सहा आठवड्यांत गुप्त मतदान होतं. पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं मिळाली की युनियन जिंकली.

या पाच-सहा आठवड्यांत काय चालतं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. कामाच्या वेळात सक्तीच्या सभा, सुपरवायझरकरवी एकेकट्याला गाठून बोलणं, आणि युनियन रोखण्याचा धंदाच करणारे सल्लागार. १९५९ च्या कायद्यामुळे या सल्लागारांवरचा खर्च कामगार खात्याला कळवावा लागतो. त्या कागदांनुसार एकट्या ॲमेझॉनने २०२२ मध्ये १.४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम यावर घातली. सक्तीच्या सभा मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बेकायदा ठरवल्या खऱ्या. पण मंडळाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतो, त्यामुळे सरकार बदललं की असे निर्णय फिरतात. मालकही ते जाणून असतात.

समजा, हे सगळं पार करून युनियन जिंकली. पुढे काय?

पुढे हरकती. ॲमेझॉनने जेएफके-८ च्या निकालावर २५ हरकती घेतल्या. प्रादेशिक संचालकांनी त्या फेटाळून युनियनला प्रमाणपत्र, म्हणजे कामगारांची अधिकृत प्रतिनिधी अशी मान्यता, दिलं ते जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे मतमोजणीनंतर नऊ महिन्यांनी. प्रमाणपत्र मिळाल्यावर मालकाने ‘सद्भावनेने’ वाटाघाटी कराव्यात असं कायदा म्हणतो. पण १९४७ च्या त्याच दुरुस्तीने यात एक पाचर मारून ठेवली आहे. वाटाघाटीच्या या बंधनामुळे कोणत्याही बाजूला प्रस्ताव मान्य करण्याची किंवा सवलत देण्याची सक्ती होत नाही, असं कलमातच लिहिलं आहे. आता मालकाच्या वकिलाच्या जागी बसून विचार करा. महिन्यातून एखादी बैठक द्यायची. प्रत्येक कलमावर प्रतिप्रस्ताव द्यायचा, पण तो कामगारांना आज जे मिळतं त्याहून रतिभर सरस असता कामा नये. माहिती मागितली की ती गोळा करतोय म्हणून सांगायचं. बैठकीच्या पद्धतीवरच वाद काढायचा. २०२२ च्या शरद ऋतूत स्टारबक्सचे प्रतिनिधी एकामागोमाग एक बैठका सोडून गेले, कारण काय, तर युनियनची काही माणसं झूमवरून सामील झाली होती. करोनाच्या काळात सगळ्या जगाची कामं झूमवर चालली, पण कॉफी बनवणाऱ्यांच्या पगाराची चर्चा मात्र समोरासमोरच व्हायला हवी!

दुसरी युक्ती याहून बारीक आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९६२ च्या कॅट्झ निकालानुसार वाटाघाटी चालू असताना मालकाला पगार किंवा कामाच्या अटी एकतर्फी बदलता येत नाहीत. नियम कामगारांच्या रक्षणासाठी आहे, पण तो उलटा फिरवता येतो. कंपनी इतर सगळ्या शाखांमध्ये पगारवाढ जाहीर करते आणि युनियनवाल्या शाखांना सांगते, ‘द्यायची खूप इच्छा आहे हो, पण कायद्याने हात बांधलेत.’ स्टारबक्सने २०२२ मध्ये हेच केलं. मंडळाच्या न्यायाधीशाने ते बेकायदा ठरवलं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये. मधल्या वर्षभरात दोन रस्ते पलीकडच्या बिगरयुनियन दुकानातली मुलं तासाला जास्त कमावतायत, हे दुकानातला प्रत्येक जण रोज पाहत होता.

आता यात घड्याळ घाला. प्रमाणपत्र मिळाल्यापासून साधारण वर्षभर युनियनच्या स्थानाला कायदेशीर संरक्षण असतं. वर्ष सरलं आणि करार झालेला नसला, तर ३० टक्के कामगारांच्या सह्यांवर युनियन काढून टाकण्यासाठी मतदान मागता येतं. ब्लूमबर्ग लॉच्या पाहणीनुसार पहिला करार व्हायला सरासरी साडेचारशेहून जास्त दिवस लागतात. सरासरीच मुळात संरक्षणाच्या वर्षाबाहेर पडते! आणि ही सरासरी ज्यांना करार मिळाला त्यांचीच; ज्यांना मिळालाच नाही ते तिच्यात येतच नाहीत. त्यात नोकरी सोडून जाणाऱ्यांची भर. न्यूयॉर्क टाइम्सने २०२१ मध्ये दाखवून दिलं होतं की ॲमेझॉनच्या ताशी कामगारांची उलाढाल वर्षाला सुमारे १५० टक्के होती. म्हणजे १०० जागा भरलेल्या ठेवायला वर्षाला दीडशे माणसं घ्यावी लागत होती. कॉफीच्या दुकानांत विद्यार्थी येतात, पदवी झाली की जातात. एल्मवुडमध्ये मत दिलं सगळं मिळून २७ जणांनी. अशा ठिकाणी दीड वर्ष काढलं की मतदार यादीच बदलून जाते. नवी माणसं विचारतात, ही युनियन आहे तरी कशाला, इतक्या दिवसांत मिळालं काय? प्रश्न रास्तच असतो. मालकाला युनियनशी दोन हात करायची गरजच पडत नाही. तो नुसता थांबतो.

कुणी म्हणेल, वेळकाढूपणा केला तर शिक्षा असेलच की. इथेच अमेरिकी कायद्याचा खरा पोकळपणा दिसतो. युनियनला सहा महिन्यांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. प्रादेशिक कार्यालय चौकशी करतं, मग आरोपपत्र, मग प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, मग वॉशिंग्टनमधल्या पाच सदस्यांच्या मंडळाकडे अपील. एवढं होऊनही मंडळाचा आदेश आपोआप अमलात येत नाही; त्यासाठी फेडरल अपील न्यायालयात जावं लागतं. तीन-चार वर्षं सहज जातात. आणि शेवटी मालकाला काय शिक्षा? ‘पुन्हा वाटाघाटीला बसा’ असा आदेश, आणि ‘आम्ही यापुढे असं करणार नाही’ अशी नोटीस ६० दिवस भिंतीवर लावणं. दंड नाही. करार वेळेत झाला असता तर जे जास्त पैसे मिळाले असते ते भरून द्या, असं सांगायलाही मंडळाने १९७० च्या एक्स-सेल-ओ प्रकरणात नकार दिला, आणि ती भूमिका मोडायला आजवर कुठल्याही मंडळाला जमलेलं नाही. युनियनसाठी झटणाऱ्याला कामावरून काढलं, तरी भरपाई म्हणजे मुख्यतः बुडालेला पगार, तोही मधल्या काळात दुसरीकडे कमावलेले पैसे वजा करून. काढलेल्या माणसाने पोट भरायला पिझ्झा पोचवले, तर त्याची कमाई मालकाच्या देण्यातून वळती होते.

१९७० सालचाच एच. के. पोर्टर खटला याच दुखण्यावर बोट ठेवतो. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल इथल्या कारखान्यात पोलाद कामगारांच्या युनियनला १९६१ मध्ये प्रमाणपत्र मिळालं होतं. कंपनीने युनियनची वर्गणी पगारातून कापून द्यायला नकार दिला. ती कापून देण्यात कंपनीचं काही बिघडत नव्हतं. करार होऊ नये एवढाच हेतू होता, असं मंडळाचंच मत पडलं. मंडळाने कंपनीला ते कलम मान्य करायचा आदेश दिला. सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला: सद्भावना नाही हे कबूल, पण करारातलं कलम लादण्याचा अधिकार मंडळाला नाही. आठ-नऊ वर्षं भांडून युनियन होती तिथेच राहिली. कायद्याच्या शब्दांना धरून पाहिलं तर न्यायाधीशांचं चुकलं असं म्हणता येत नाही. दुरुस्ती संसदेनेच करायला हवी.

एकदा करार असला की युनियन काय करू शकते, ते २०२३ च्या शरद ऋतूत दिसलं. मोटार कामगारांच्या यूएडब्ल्यू युनियनने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या तिन्ही कंपन्यांत एकदम संप पुकारला, पण सगळे कारखाने बंद केले नाहीत. १५ सप्टेंबरला तीनच कारखाने थांबवले: मिशिगनमधला फोर्डचा वेन, ओहायोतला स्टेलँटिसचा जीप बनवणारा टोलेडो आणि मिझुरीतला जीएमचा वेंट्झव्हिल. साधारण १३,००० कामगार बाहेर पडले, बाकी कामावर राहिले. संपावरच्या कामगाराला युनियनच्या निधीतून आठवड्याला ५०० डॉलर द्यावे लागतात. सगळे दीड लाख बाहेर काढले असते तर निधीला बघता बघता गळती लागली असती. पुढचा कारखाना कोणता, हे कंपनीला आदल्या दिवशीपर्यंत कळत नव्हतं. ११ ऑक्टोबरला फोर्डचा केंटकी ट्रक कारखाना, ८,७०० कामगारांचा, कंपनीचा सर्वांत नफ्याचा, अचानक बंद पाडला. सहा आठवड्यांत साडेचार वर्षांत २५ टक्के वाढीचा करार पदरात पडला. त्यापाठोपाठ टोयोटा, होंडा, ह्युंदाई या युनियन नसलेल्या कंपन्यांनीही आपापल्या कारखान्यांत पगार वाढवले. नवे करार ३० एप्रिल २०२८ ला संपतात. ती तारीख मुद्दाम निवडली आहे, दुसऱ्या दिवशी कामगार दिन.

पण हे सगळं शक्य झालं कारण त्या कंपन्यांत पहिला करार १९३०-४० च्या दशकातच होऊन गेला होता. त्यांचं कौतुक करताना नव्या कामगारांना ‘असं लढा’ म्हणून सांगणं सोपं आहे. जेएफके-८ ने निवडणूक जिंकली तेव्हा त्यांच्याकडे ना संपनिधी होता, ना संपायला टेकलेला करार. शिवाय १९३८ च्या मॅके रेडिओ निकालापासून आर्थिक मागण्यांसाठी संप करणाऱ्याच्या जागी मालक कायमचा बदली कामगार घेऊ शकतो. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या ११,००० हून जास्त हवाई वाहतूक नियंत्रकांना घरी बसवलं. ते सरकारी नोकर होते, त्यांना संपबंदी होती, कायदा वेगळा. पण खासगी मालकांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

आपल्या लोकांचा यात संबंध काय? एच-१बी व्हिसावर गेलेल्या पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांना हा कायदा आपला वाटतच नाही. युनियन म्हणजे कारखान्यातली भानगड. पण १९३५ चा कायदा नागरिकत्व विचारत नाही. युनियन नसतानाही सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलणं, मिळून तक्रार करणं याला त्यात संरक्षण आहे. कंपनीच्या नियमावलीत ‘पगार गोपनीय ठेवा’ असं कलम असेल तर ते पर्यवेक्षक नसलेल्या कर्मचाऱ्यावर सहसा लागू करता येत नाही. मात्र टीम लीडच्या हातात खरोखर माणसं घेण्या-काढण्याचा अधिकार असला, तर तो पर्यवेक्षक ठरून संरक्षणाबाहेर जातो. कागदावर एवढं आहे. प्रत्यक्षात नोकरी गेली की एच-१बीवाल्याला दुसरी नोकरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात, आणि मंडळाकडची तक्रार निकाली निघायला वर्षं लागतात. मोंटाना सोडून इतर सगळ्या राज्यांत मालक कारण न देता कामावरून काढू शकतो, त्यामुळे काढण्यामागचं खरं कारण सिद्ध करायचं ओझं तक्रार करणाऱ्याच्या बाजूवरच. दोन महिन्यांनी विमानात बसणाऱ्याला तीन वर्षांनी लागणाऱ्या निकालाचा काय उपयोग? कॉफीच्या दुकानातल्या मुलीची आणि या अभियंत्याची अडचण एकाच जातीची आहे. मालकाला वाट पाहणं परवडतं, त्या दोघांना परवडत नाही.

उपाय नवा नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने १९७३ मध्ये, क्वेबेकने १९७७ मध्ये पहिल्या करारासाठी लवादाची तरतूद केली. नंतर ऑंटारियोसह इतर प्रांत आले. वाटाघाटी अडल्या की मध्यस्थ येतो, त्यानेही भागलं नाही तर लवाद कराराच्या अटी ठरवतो. लवादाने लादलेले करार तिथे थोडेच असतात, आणि तेच या पद्धतीचं मर्म आहे. पुढे लवाद बसलाय हे माहीत असलं की आजच्या बैठकीत थातुरमातुर प्रस्ताव घेऊन येण्यात फायदा उरत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते सगळे मालकधार्जिणे म्हणून उडवून लावता येणार नाहीत. बाहेरच्या माणसाला धंद्याची जाण नसते, तो दोन्ही मागण्यांच्या मधोमध रेघ ओढतो, आणि हे कळल्यावर दोन्ही बाजू मुद्दाम टोकाच्या मागण्या धरतात. यावर तोडगा आहे: लवादाने दोन्ही बाजूंच्या अंतिम प्रस्तावांपैकी एकच निवडायचा. मग दोघेही आपापला प्रस्ताव शहाणपणाचा दिसावा म्हणून धडपडतात. दुसरा आक्षेप जड आहे. क्वेबेकमधल्या जोंकिएर इथल्या वॉलमार्टमध्ये २००४ मध्ये युनियन आली. २००५ च्या फेब्रुवारीत प्रकरण लवादाकडे गेलं त्याच सुमारास कंपनीने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे १९० जणांची नोकरी गेली. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने कंपनीचं चुकलं असं २०१४ मध्ये ठरवलं, तेव्हा दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने क्वेबेकमधली आपली सातही केंद्रं बंद करायचं ठरवलं. त्यातल्या लाव्हालच्या गोदामात मे २०२४ मध्येच युनियन आली होती. युनियनचा यात संबंध नाही, असं कंपनीने सांगितलं.

म्हणजे लवादाबरोबर शाखा बंद करण्यावरही काही किंमत लावावी लागेल. अमेरिकी कायद्यात याचा धागा आहे. १९६५ च्या डार्लिंग्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मालक संपूर्ण धंदा गुंडाळू शकतो, पण दुसरीकडच्या कामगारांना धाक बसावा म्हणून एखादाच कारखाना बंद करणं बेकायदा आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या त्या कापड गिरणीत युनियनचं मतदान १९५६ मध्ये झालं होतं. तडजोडीची ५० लाख डॉलरची रक्कम ठरली १९८० मध्ये. तोवर कित्येक कामगार वारले होते. पैसे वारसांना मिळाले. तत्त्व बरोबर, पण २४ वर्षांनी. करार लवादापुढे असताना शाखा बंद केली तर वर्षभराचा पगार आगाऊ जमा करावा, अशी साधी अट याहून जास्त काम करील. आणि हेही खरं की धंदा जितका जागेला बांधलेला, तितका हा उपाय लागू पडतो. इस्पितळ, विमानतळावरचं स्वयंपाकघर, महानगराच्या वेशीवरचं गोदाम उचलून मेक्सिकोला नेता येत नाही. कापड गिरणी नेता येते, आणि गेलीही.

राजकारणाचं म्हणाल तर हातावर हात ठेवून दोन्ही पक्ष बसले आहेत. कार्टर यांच्या काळात, १९७८ मध्ये कामगार कायदा सुधारणा सिनेटच्या अडवणुकीत दोन मतांनी अडकली; ती अडवणूक मोडायला शंभरपैकी साठ मतं लागतात. २००९ च्या विधेयकात ९० दिवस वाटाघाटी, ३० दिवस मध्यस्थी आणि मग लवाद असं सगळं होतं; डेमोक्रॅटांकडे काही महिने साठ जागा असूनही ते मतदानाला आलं नाही. युनियन बांधणं सोपं करू पाहणारा प्रो ॲक्ट प्रतिनिधिगृहात २०२० आणि २०२१ मध्ये मंजूर झाला आणि सिनेटमध्ये विझला. युनियनवाले राष्ट्राध्यक्ष म्हणवणाऱ्या बायडन यांनी डिसेंबर २०२२ मध्ये रेल्वे कामगारांवर पगारी आजारी रजा नसलेला करार कायद्याने लादला. तेव्हा सरकारला अटी लादता येतात, हे सिद्धच झालं! गॅलपच्या २०२४ च्या चाचणीत ७० टक्के अमेरिकी लोकांना युनियन मान्य आहेत. त्याच वर्षी खासगी क्षेत्रात सभासद मात्र ५.९ टक्के. या दरीचं सगळं खापर कामगारांच्या उदासीनतेवर फोडता येत नाही.

रिपब्लिकन बाजूला मार्च २०२५ मध्ये एक नवल घडलं. मिझुरीचे सिनेटर जॉश हॉली यांनी डेमोक्रॅट सहकाऱ्यांसह पहिल्या करारासाठीच विधेयक आणलं: १० दिवसांत बोलणी सुरू, ९० दिवसांत करार नाही तर मध्यस्थी, आणखी ३० दिवसांनी बंधनकारक लवाद. चांगलं विधेयक आहे. पण त्याआधी जानेवारीच्या अखेरीस ट्रम्प यांनी मंडळाच्या सदस्य ग्विन विलकॉक्स यांना मुदतीआधीच काढलं होतं. पाचांपैकी दोनच सदस्य उरले, कामाला किमान तीन लागतात, आणि २०२५ चा बहुतेक काळ देशाचं कामगार मंडळ अपिलं निकाली काढू शकलं नाही. आणि हॉलींच्या विधेयकातली मध्यस्थी करणार कोण? १९४७ साली स्थापन झालेली फेडरल मध्यस्थी सेवा. ती जवळजवळ मोडीत काढायचा आदेश ट्रम्प यांनी त्याच मार्च महिन्यात काढला. न्यायालयाने हात धरला म्हणून माणसं कामावर परतली. हॉलींना आपल्या विधेयकाबद्दल खरंच कळकळ असेल तर त्यांनी आधी या सेवेच्या पगाराची तरतूद अर्थसंकल्पात पक्की करून घ्यावी. तिथे पक्षातल्या किती जणांची मतं मिळतात, ते दिसेल.